ऑफिसचे कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवायचे की हायबरनेट करायचे?

म्हापसेकर:
आमच्या अकाउंटिंगच्या ऑफिसात सहा डेस्कटॉप आहेत, संध्याकाळी सातला सगळे मॉनिटरचं बटण दाबून घरी जातात आणि सीपीयू सकाळी नऊपर्यंत तसेच चालू. गेल्या आठवड्यात प्लगला लावायचा मीटर आणून बघितलं तर कोणी हात लावत नसतानाही एकेक जण 45-50 वॉट खातोय. सहांचे 300 धरा, 14 तासांचे चार युनिटच्या वर, महिन्याला सव्वाशे युनिट आणि खुर्चीत कोणी नाही! माझं मत, मॉनिटर 10 मिनिटांत बंद आणि अर्ध्या तासाने हायबरनेट (उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद). (स्क्रीनसेव्हरने वीज वाचते असं अजून आमच्यातल्या दोघांना वाटतं. मॉनिटर चालूच असतो हो, जुन्या काचेच्या मॉनिटरवर डाग पडू नये म्हणून होता तो.)

फोंड्याचा टॅलीवाला:
अजिबात पटलं नाही. जीएसटीचे रिटर्न 11 आणि 20 तारखेला असतात, आदल्या रात्री मी घरून रिमोट लावून बसतो, मशीन झोपलं की कनेक्टच होत नाही. त्यात टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा एकाच मशीनवर, ते झोपलं तर बाकीचे पाचही बसून. थोड्या बिलासाठी काम अडवायचं का?

डिचोलीची डीटीपी:
मग ते एक मशीन चालू ठेवा ना बाब, बाकी पाचांचं काय? मी पूर्वी नुसतं स्लीप ठेवायचे. चवथीच्या आधी आरत्यांच्या पुस्तिकेची 32 पानं लावून झाली होती, जेवायला गेले, आले तर लाईट गेलेली. यूपीएसची बॅटरी आधीच गेलेली. स्लीपमध्ये सगळं रॅममध्ये असतं आणि रॅमची वीज गेली की संपलं. पुन्हा चालू केलं तर कोरी विंडोज, सकाळी सेव्ह केलेली नऊ पानं तेवढी राहिली. रात्री दोनपर्यंत परत बसले. हायबरनेटमध्ये तेच सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं, मग खुशाल प्लग काढा.

फोंड्याचा टॅलीवाला:
हायब्रीड स्लीप असतं की, डेस्कटॉपवर सहसा आधीपासूनच चालू, रॅममध्येही आणि डिस्कवरही. तुमचं का नाही चाललं?

डिचोलीची डीटीपी:
कारण सी ड्राईव्हवर जागा व्हावी म्हणून रिपेअरवाल्याने हायबरनेटच बंद करून दिलं होतं, त्याबरोबर हायब्रीडही गेलं. 8 जीबी रॅमला हायबरनेटची फाईल तीन जीबीच्या आसपास, तेवढ्यासाठी माझी 23 पानं गेली.

पेडणेकर:
पावसाळ्याचं कोणी बोलत नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कागदसुद्धा ओला लागतो, मशीन चालू असलं की आत ऊब राहते, दमट धरत नाही. आणि रोज हायबरनेट म्हणजे एसएसडी (चिपवाली डिस्क, लिहून लिहून झिजते) रोज घासायची.

म्हापसेकर:
उबेचं मान्य, पण त्यासाठी दिवसाचे आठ-दहा तास चालतंच की. एसएसडीचं म्हणाल तर रोजचे तीन जीबी म्हणजे वर्षाला एक टेराबाईट, 240 जीबीच्या साध्या एसएसडीलाही 80 टेराबाईटच्या आसपास लिहिण्याची हमी मिळते. मला भीती विजेची आहे. मे-जूनमध्ये रात्री गडगडायला लागलं की ऑफिसात प्लग काढायला कोण जाणार? हायबरनेट असेल तर निघतानाच मेन बोर्डाचा स्विच खाली.

फोंड्याचा टॅलीवाला:
आणि वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून मशीन उठवणं)? स्विच खाली केला तर तेही गेलं. माझं मशीन मी चालूच ठेवणार, चांगला यूपीएस लावून. मॉनिटरचं तेवढं आजच 10 मिनिटांवर करतो.

म्हापसेकर:
चालेल. मी उद्या टॅलीचं सोडून पाच मशीन हायबरनेटवर टाकतो आणि महिनाभर मीटर लावून ठेवतो, आकडा इथेच टाकेन.