मदत हवी आहे: बीम फोकस केला की न्यूट्रॉन काउंट कोसळतो (अर्जंट)

निद्रानाश: डी-डी सोर्स बनवतोय (ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, बीम टार्गेटमधल्या ड्युटेरियमवर आपटून न्यूट्रॉन काढायचे), फास्ट न्यूट्रॉन रेडिओग्राफीसाठी, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनने एक्स-रेसारखी इमेज. स्पॉट बारीक तर इमेज शार्प, म्हणून आइन्झेल लेन्सने (विजेच्या दाबाने बीम आवळणारी) बीम 10 मिमीवरून 2 मिमीवर आणला तर पाच-सात मिनिटांत काउंट तिसऱ्या हिश्श्यावर, लेन्स ढिली केली की हळूहळू परत वर. 100 केव्ही, करंट तसाच 500 मायक्रोअँप. अलाइनमेंट तीनदा बघितलंय, ते सांगू नका. गुरुवारी गाईडना इमेज दाखवायचीय.

गळकी ओ-रिंग: टार्गेट कसलं? कूलिंग? निम्मं पोटातच ठेवता राव.

निद्रानाश: टायटॅनियम, अजून कसलं असणार! मागे पाणी आहे.

पॅराफिन: न्यूट्रॉन मंद करायला मॉडरेटर घाला हो. पॉलिथिलीनचा ठोकळा, त्यातून मंद झालेले थर्मल न्यूट्रॉन, ते पकडायला गॅडोलिनियमची स्क्रीन. आम्ही तेच केलं, झकास इमेज.

गळकी ओ-रिंग: मॉडरेटर घातला की सोर्स ठोकळ्याएवढा झाला, मग 2 मिमीचा फोकस काय लोणच्याबरोबर खायचा?

पॅराफिन: कॉलिमेटर असतो ना पण, भोकातून सरळ येणारेच न्यूट्रॉन सोडणारा!

गळकी ओ-रिंग: असतो, आणि त्या भोकातून उरतात किती? डी-डी आहे हा, रिॲक्टर नाही.

जुना फ्यूज: आमच्या वेळी पुणे विद्यापीठाच्या फिजिक्समध्ये 14 एमईव्ही ऊर्जेचे न्यूट्रॉन देणारा जनरेटर होता. डी-टी घ्या की, म्हणजे टार्गेटात ट्रिशियम, डी-डीपेक्षा शंभरेक पट न्यूट्रॉन.

निद्रानाश: काका, ट्रिशियम कोण देणार मला? परवानग्यांत पीएचडी संपेल.

मोदक७७: याने देवघरातल्या पितळी मूर्तीच्या आतलं दिसेल का? पोकळ आहे असं आजी म्हणायची.

पॅराफिन: दिसेल. कल्पाक्कमच्या कामिनी रिॲक्टरवर तर इस्रोच्या पायरो डिव्हायसेसचे (रॉकेटमधल्या छोट्या स्फोटक यंत्रणांचे) फोटो काढतात, धातूच्या आतली स्फोटक दारू दिसते.

गळकी ओ-रिंग: मूर्ती राहू द्या. निद्रानाश, तांब्यावर कोटिंग आहे का नुसता पत्रा?

निद्रानाश: 1 मिमीचा पत्रा, तांब्याच्या ब्लॉकवर स्क्रूने.

गळकी ओ-रिंग: आता बोललात! 50 वॅट 2 मिमीवर म्हणजे चौरस सेंटीमीटरला 1600 वॅट, आधी 64 होते. टायटॅनियम उष्णता वाहून न्यायला तांब्याच्या वीसपट मठ्ठ, स्पॉट तापला की आत मुरलेलं ड्युटेरियम सोडून देतं, मग बीम आपटणार कशावर? आणि इलेक्ट्रॉन अडवणारा सप्रेसर किती व्होल्टला?

निद्रानाश: वायर सुटलीय त्याची. करंट तर येतोय की.

गळकी ओ-रिंग: अरे देवा. टार्गेटवरून उडणारे इलेक्ट्रॉनही त्यात धरले जातायत! आधी ती वायर जोडा.

निद्रानाश: जोडली. उणे 300 व्होल्ट दिले, करंट 500 चा 210 झाला. महिनाभर लॉगबुकात खोटेच आकडे लिहितोय. टार्गेटही काढलं, मधोमध मसुराएवढा काळपट डाग, आणि तिथे पत्रा फुगलाय, खालून नख जातंय. तांब्यावर टायटॅनियमचं कोटिंग बुधवारपर्यंत कोण करून देईल?

जुना फ्यूज: बुधवार कुठला?