'शॅलो'ला 'उथळ' नको, तर मग काय?

शेवंती:
डिप्लोमाच्या मुलांसाठी गिटची, म्हणजे फायलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, मराठी पुस्तिका करतेय. 'कमिट'ला नोंद, 'रिपॉझिटरी'ला भांडार, 'ब्रँच'ला शाखा, इथवर गाडी बरी चालली. अडली ती 'शॅलो क्लोन'पाशी. माहीत असणाऱ्यांनी पुढचं वाक्य सोडा: भांडार उतरवताना 'डेप्थ १' सांगितलं की फक्त शेवटची नोंद आणि तिच्या वेळच्या फायली येतात, मागचा इतिहास येत नाही. मी 'उथळ प्रत' लिहिलं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी शेजारी लाल पेनानं विचारलंय, "दर्जा कमी असतो का?" आणि 'डेप्थ'ला 'खोली' म्हणावं तर 'खोली १' हे लॉजच्या दारावरच्या पाटीसारखं दिसतंय. शुक्रवारी छापायला जायचंय. सुचवा.

पाणवठा:
बाईंचं बरोबर आहे. उथळ पाण्याला खळखळाट फार हे ज्यानं शाळेत दहादा लिहिलंय त्याला 'उथळ'मध्ये शिवीच ऐकू येणार. 'त्रोटक' कसं वाटतं?

चिकित्सक:
'त्रोटक' म्हणजे मजकूर गाळलेला. इथे शेवटच्या नोंदीतल्या फायली अख्ख्या असतात, अक्षरही कमी नसतं. कमी असतो तो भूतकाळ. 'अर्धवट'ही नको. एक तर 'अर्धवट' म्हटलं की आमच्या गल्लीतला एक माणूस डोळ्यांसमोर येतो, दुसरं म्हणजे गिटमध्ये 'पार्शल क्लोन' ही वेगळीच चीज आहे. तिच्यात सगळ्या नोंदी येतात, फायलींचा मजकूर मात्र लागेल तसा मागवला जातो. 'अर्धवट' वापरायचाच तर तिच्यासाठी राखून ठेवा.

शुद्धमती:
मितेतिहास प्रतिकृती.

रात्रपाळी:
हे पोरांनी तोंडी परीक्षेत म्हणायचंय हो. दात सांभाळून.

शुद्धमती:
हसा. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तेव्हाही फारसी जाणणारे हसलेच असतील. सावरकरांच्या 'दिनांक'लाही लोक हसले. आज तो प्रत्येक अर्जावर आहे.

रात्रपाळी:
अर्जावर आहे. कोर्टात अजून तारीखच पडते.

तलाठ्याचा नातू:
आजोबांकडून ऐकलेलं सांगतो. सातबाऱ्यावर आज जमीन कुणाच्या नावावर, क्षेत्र किती, पीक कोणतं एवढं असतं. ती नावावर आली कशी, वारसानं, खरेदीनं की वाटणीनं, हे फेरफारात, म्हणजे गाव नमुना सहात. सातबाऱ्यावर त्या फेरफाराचा नुसता क्रमांक असतो. शॅलो क्लोन हुबेहूब तसाच! शेवटच्या नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीचा क्रमांक असतोच, पण ती नोंद तुमच्याकडे नसते. 'शॅलो' नावाची एक फाईल गिटला बजावते की बाबा, इथून मागे जाऊ नकोस. तेव्हा सरळ 'उतारा' म्हणा. गावातल्या पोराला समजावून सांगावं लागणार नाही.

पाणवठा:
वा! मग इतिहास नाही म्हणून 'कोरा उतारा' म्हणायचं का?

तलाठ्याचा नातू:
सातबारा कोरा म्हणजे कर्जमुक्त. पोरांना वाटेल सरकारनं माफी दिली.

चिकित्सक:
'उतारा' परीक्षेतल्या आकलनाचाही असतो, विषावरचाही असतो आणि तिठ्यावर लिंबू-नारळ ठेवतात तोही असतो. एका शब्दावर किती ओझं टाकाल?

रात्रपाळी:
मी उलट्या बाजूनं. मला 'उथळ'च हवा, त्यातल्या बदनामीसकट. आमच्या जुन्या हापिसात बिल्ड सर्व्हरवर डेप्थ १ नं घेतलेली प्रत होती. एका साहेबांनी तिच्यावरच 'ब्लेम' चालवलं, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी आज्ञा. हजारो ओळी एकाच मुलीच्या नावावर आल्या! तिनं आदल्या दिवशी एक स्वल्पविराम सुधारला होता इतकंच. पण तिची नोंद शेवटची, त्यामागे काहीच नाही, म्हणून सगळ्याचं पाप तिच्या माथी. साहेब विचारतायत, "हा व्याजाचा हिशोब असा का लिहिलास?" तो लिहिला गेला तेव्हा ती शाळेत होती. अशा ओळींपुढे टोपीसारखी खूण येते, इथे इतिहास संपला असं सांगणारी. ती कोण बघतो? उथळ पाण्यात सूर मारला की डोकं फुटतं. शब्दानं तेवढी धास्ती घालायलाच हवी. 'उतारा'नं कुणी सावध होत नाही.

शेवंती:
हा मुद्दा बाईंना दाखवते. 'डेप्थ'चं काय पण?

पाणवठा:
'पिढ्या' म्हणा. पिंडदानाला बाप, आजोबा, पणजोबा. डेप्थ ३. त्यामागच्यांचं नाव कुणाला ठाऊक असतं?

चिकित्सक:
गिट टोकाची नोंदही मोजतं. यजमान धरून डेप्थ ४.

शेवंती:
'पिढ्या' आवडला! आता 'अनशॅलो'. म्हणजे राहिलेला इतिहास मागाहून आणून प्रत पूर्ण करणं.

तलाठ्याचा नातू:
फेरफार काढणे.

रात्रपाळी:
विहीर खोल करणे. 'उथळ'शी जमतं.

रायवळ:
उशिरा आलो. पुस्तिकेत 'ग्राफ्ट' आहे का? असेल तर 'कलम'शिवाय काही लिहू नका. गिट आणि लिनक्स दोन्हींचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स, त्यानं एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचं भांडार गिटमध्ये सुरू केलं ते २.६.१२-आरसी२ या आवृत्तीपासून. पहिल्याच नोंदीत त्यानं लिहून ठेवलंय की पूर्ण इतिहास आहे, पण मी त्याच्या भानगडीत पडत नाही, आणला तर सुमारे ३.२ जीबी होतो. म्हणजे लिनक्सचा इतिहास मुळातच कापलेला. जुना इतिहास लोकांनी वेगळ्या भांडारात घातला. हवा असेल त्यानं आपल्या प्रतीत दोन्ही जोडून घ्यायचे, आधी 'ग्राफ्ट्स' फाईलनं, आता 'रिप्लेस' आज्ञेनं. याला आम्ही कोकणात कलम बांधणं म्हणतो. रायवळचा खुंट, हापूसची काडी.

चिकित्सक:
तुमच्याकडे खुंट आधी, काडी नंतर. इथे झाड वाढून बसलंय आणि मूळ मागाहून जोडायचं. हे कलम नव्हे, दत्तक आजोबा.

शुद्धमती:
शिवाय 'कलम' अरबी. 'रोपण' म्हणा.

रायवळ:
अरबी? अरबांनीही तो ग्रीकांकडून उचलला म्हणतात, बोरूवरून. आणि संस्कृतात कलम नावाचं भात आहे. मला विचाराल तर आधी बोरू तिरका कापला, मग तशीच काडी कापली आणि त्याच बोरूनं कायद्याची कलमं लिहिली. एकच शब्द.

पाणवठा:
आणि कलमकसाई?

चिकित्सक:
तिरक्या कापाची गोष्ट पुराव्याशिवाय चालणार नाही. भातही यात आणू नका, तो शब्द वेगळा.

शेवंती:
शुक्रवार उलटला. 'शॅलो क्लोन' असंच छापलं, बाईंनी 'उथळ' शेवटपर्यंत ठेवू दिला नाही. 'पिढ्या' राहिलंय. आणि 'अनशॅलो'ची जागा रिकामीच गेली की काय, प्रूफ बघते.

पाणवठा:
रायवळ, गच्चीवरच्या ड्रमात लावायला कोय कलम चांगलं की भेट कलम?

रायवळ:
कोय कलम. पावसाळ्याच्या तोंडावर कोय रुजवायची, कोंब तांबूस कोवळा असतानाच पाचर मारायची. ड्रमाचं मात्र मला पटत नाही. मुळाला जागा लागते.

शुद्धमती:
'ड्रम'ला 'पिंप' आहे.