ओव्हरक्लॉक केलेल्या क्यू६६०० चे निकाल 'इनव्हॅलिड' येताहेत

ध्रुवतारा
माझा प्रोसेसर इंटेलचा चार कोअरचा कोअर २ क्वाड क्यू६६०० आहे, जी-० स्टेपिंग (त्या चिपची सुधारित आवृत्ती). मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ. तो ओव्हरक्लॉक केला, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवला: एफएसबी (प्रोसेसरला मेमरीशी जोडणाऱ्या बसचा मूळ वेग) २६६ वरून ३३३ मेगाहर्ट्झ केला, मल्टिप्लायर (त्या वेगाला गुणायचा आकडा) ९ च ठेवला, म्हणजे ३.० गिगाहर्ट्झ. व्हीकोअर (प्रोसेसरचं व्होल्टेज) १.३५. घरच्या कॉम्प्युटरवर संशोधनाची गणितं चालवणाऱ्या बॉइंक या सॉफ्टवेअरवर आइनस्टाइन ॲट होम हा खगोलशास्त्राचा प्रकल्प तीन आठवडे चोवीस तास चालू आहे. मशीन एकदाही हँग झालं नाही, आपोआप रीस्टार्टही झालं नाही. काल खात्यातली टास्कची यादी उघडली तर शेवटच्या ६० पैकी ७ इनव्हॅलिड, म्हणजे निकाल चुकीचे ठरलेले! लोडवर कोअर ७४ अंशांपर्यंत जातात.

२०१० मध्ये लोकांच्या घरच्या कॉम्प्युटरांनी अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या डेटातून नवा पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं देणारा, वेगाने फिरणारा तारा) शोधला, ते वाचून मी या प्रकल्पात आलो. तसा सिग्नल माझ्याच मशीनकडे आला आणि चुकीच्या गणितात हरवला तर, हे डोक्यातून जात नाही. वेग कमी करू की व्होल्टेज वाढवू?

निवांत_कोअर
व्होल्टेज आत्ता अजिबात वाढवू नका. सगळं मूळ सेटिंगला आणा आणि आठवडाभर चालवा. तरीही इनव्हॅलिड आले तर दोष ओव्हरक्लॉकचा नाही, पॉवर सप्लाय नाहीतर रॅम तपासावी लागेल.

सोल्डरगन
सिग्नल हरवायची काळजी सोडा. तेच काम दुसऱ्या मशीनलाही दिलेलं असतं. दोन्ही निकाल जुळले नाहीत तर ते तिसऱ्याकडे जातं. पण त्या तिसऱ्या माणसाची वीज आणि वेळ आपल्या चुकीपायी खर्च होते, म्हणून मला हे मनापासून लागतं.

मशीन हँग होत नाही यावर विसंबू नका. गणित चालू असताना एखादा बिट पलटला तरी विंडोजला पत्ता लागत नाही. आकडा चुकतो आणि काम पुढे चालू राहतं.

रॅमबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि माझा संशय तिथेच आहे. याच पिढीच्या मशीनवर मी दोन महिने व्हीकोअर वरखाली करत बसलो होतो. तुमच्या रॅमच्या पट्टीवर ६६७ लिहिलंय का बघा. २६६ च्या एफएसबीला रेशो (एफएसबी आणि रॅम यांच्या वेगांचं प्रमाण) ४:५ असतो तेव्हा ती बरोबर ६६७ वर चालते. एफएसबी ३३३ केला आणि रेशो तसाच राहिला, तर तीच पट्टी ८३३ वर धावते. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) रेशो १:१ करा, रॅम परत ६६७ वर येईल.

मग प्राइम९५ लावा, म्हणजे जड गणितं करायला लावून मशीनची परीक्षा घेणारा प्रोग्राम. त्यातली स्मॉल एफएफटी ही चाचणी बहुतेक कॅशमध्येच (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत) फिरते, त्यामुळे तिथे प्रोसेसरची परीक्षा होते. ब्लेंड या दुसऱ्या चाचणीत रॅम भरडली जाते. स्मॉल पास आणि ब्लेंड नापास असेल तर व्हीकोअरला हातही लावू नका. रात्रभर मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवलंत तर उत्तम.

तापमानासाठी हीटसिंकच्या पात्यांमधली धूळ काढा, थर्मल पेस्ट नवी लावा. बॉइंकमध्ये 'सीपीयू टाइम' १०० टक्केच असू द्या. तो कमी केला की काम सारखं थांबतं-सुरू होतं आणि तापमान वरखाली होत राहतं. गरम होत असेल तर चारऐवजी तीन कोअर द्या.

ध्रुवतारा
सोल्डरगन, पट्टीवर ६६७ च आहे आणि रेशो ४:५ च होता! जुन्या सेटिंगवर मुद्दाम ब्लेंड लावून पाहिलं. अकराव्या मिनिटाला एक वर्कर (चाचणीचा एका कोअरवर चालणारा भाग) बंद पडला: राउंडिंग, म्हणजे आकडा पूर्णांकात आणतानाचा फरक, ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. तीन आठवडे हेच चाललं होतं आणि मला कळलंही नाही.

१:१ केल्यावर ब्लेंड रात्रभर चाललं, मेमटेस्टलाही एकही चूक नाही.

सोल्डरगन
आता व्हीकोअर एकेक पायरी खाली आणा. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. १.३५ वरून १.३० ला आलात तरी त्याच वेगाला प्रोसेसर सुमारे ७ टक्के कमी वीज खाईल. प्रत्येक पायरीला स्मॉल एफएफटी निदान काही तास चालवा.

ध्रुवतारा
१.२८७५ ला चौथ्या तासात वर्कर थांबला, म्हणून १.३० वर स्थिर केलं. पेस्ट बदलून कोअर आता ६६ वर आहेत. या सेटिंगवरचे ४१ टास्क तपासून झाले, सगळे व्हॅलिड. १२ अजून पेंडिंग आहेत, त्यांच्या जोडीदार मशीनची वाट बघतोय.