राहतो न्यू जर्सीत, नोकरी न्यूयॉर्कमध्ये: स्टेट टॅक्स दोनदा भरायचा का?

नवा_जर्सीकर:
नमस्कार मंडळी, गेल्या वर्षी जानेवारीपासून जर्सी सिटीत राहतोय, ऑफिस मॅनहॅटनला, तीन दिवस पाथ ट्रेनने जातो आणि दोन दिवस घरून काम. आता डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाचा पगार आणि कापलेल्या टॅक्सचा फॉर्म) आलाय तर त्यात न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी दोन्ही दिसतायत आणि बॉक्स १६ मध्ये दोघांच्या पुढे जवळजवळ अख्खा पगार लिहिलाय! माझा पगार डबल धरला की काय? बॉक्स १७ मध्ये कापलेला टॅक्स मात्र फक्त न्यूयॉर्कचा. घरून केलेले दिवस न्यूयॉर्कमधून वजा होतात का? बायकोची नोकरी न्यू जर्सीतच एडिसनला आहे, आम्ही जॉइंट फाइल करतो (दोघांचा मिळून एकच रिटर्न). दोन रात्री झोप नाही, प्लीज कोणीतरी सांगा.

हडसनकाठ:
डबल वगैरे काही नाही, निवांत झोपा. न्यूयॉर्क एम्प्लॉयरला फेडरल टॅक्ससाठी धरलेल्या पगाराचा पूर्ण आकडाच बॉक्स १६ मध्ये लिहायला लावतं म्हणून तसं दिसतं. न्यूयॉर्कचा नॉन-रेसिडेंट रिटर्न आयटी-२०३ आधी करा, मग न्यू जर्सीचा रिटर्न एनजे-१०४०, आणि त्यात शेड्यूल एनजे-सीओजे ही पुरवणी लावून न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट (जर्सीच्या टॅक्समधून वजावट) घ्या. सॉफ्टवेअरमध्येही हाच क्रम ठेवा, उलटं केलंत तर क्रेडिटचा आकडाच येत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो, क्रेडिटसाठी बॉक्स १७ चा आकडा टाकू नका. मी पहिल्या वर्षी तेच केलं, न्यूयॉर्कने मला रिफंड दिला होता म्हणजे खरा टॅक्स कमीच होता, मग जर्सीची नोटीस आली आणि फरक व्याजासकट भरावा लागला. आयटी-२०३ वर हिशोब होऊन जो टॅक्स निघतो तोच धरायचा.

पेरोलवाली_ताई:
घरून केलेले दिवस वजा होत नाहीत हो. न्यूयॉर्कचा कन्व्हिनियन्स रूल आहे, तुम्ही आपल्या सोयीने घरी बसलात तर तो दिवस न्यूयॉर्कचाच. एम्प्लॉयरच्या गरजेमुळेच घरून करावं लागतंय हे दाखवता आलं तर वेगळं, पण त्याच्या अटी फार कडक आहेत. क्लायंटकडे दुसऱ्या राज्यात पाठवलं असेल तर ते दिवस मात्र बाहेरचे धरता येतात, तेव्हा कॅलेंडर आणि तिकिटं जपून ठेवा. डब्ल्यू-२ वरचा बॉक्स १९ (स्थानिक टॅक्स) पण बघून घ्या, न्यूयॉर्क सिटीचा टॅक्स बाहेर राहणाऱ्यांना लागत नाही, कापला असेल तर पेरोलला लगेच कळवा.

हडसनकाठ:
बायकोचं राहिलंच. न्यूयॉर्क आधी दोघांच्या एकूण उत्पन्नावर टॅक्स काढतं आणि मग त्यातला न्यूयॉर्कच्या उत्पन्नाचा हिस्सा घेतं, त्यामुळे वहिनींच्या पगारावर तिकडे थेट टॅक्स नसला तरी तुमचा रेट वर जातो. जर्सीतलं क्रेडिटही तुमच्या न्यूयॉर्कच्या उत्पन्नाच्या प्रमाणातच मिळणार. वहिनींच्या पगारावरचा आणि बँकेच्या व्याजावरचा टॅक्स जर्सीलाच जातो.

कॅम्डेनवाला:
जरा अवांतर, पण इथे कोणी पेनसिल्व्हेनियात नोकरी करत असेल तर न्यू जर्सीचा त्यांच्याशी करार आहे. एम्प्लॉयरला आरईव्ही-४१९ फॉर्म (पेनसिल्व्हेनियाचा टॅक्स कापू नका असं सांगणारा) दिला की पगारावर फक्त जर्सीचाच टॅक्स कापतात. फिलाडेल्फियाचा सिटी वेज टॅक्स मात्र सुटत नाही, त्याचं क्रेडिट जर्सीत घ्यायचं.

नवा_जर्सीकर:
खूप खूप आभार सगळ्यांचे! बॉक्स १९ रिकामा आहे. मी बॉक्स १७ चाच आकडा टाकून ठेवला होता, आता पुसला आणि आयटी-२०३ पासून परत बसलोय.