विजयदुर्ग आणि हेलियम

बरेचदा लिहिलं जातं की १८६८ च्या ग्रहणात इंग्रज खगोलज्ञ लॉकयर यांनी विजयदुर्गावरून हेलियम शोधला. आमच्याकडे लहानपणापासून हेच ऐकतो, पण तारखा जुळत नाहीत. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणावेळी फ्रेंच खगोलज्ञ जान्सन गुंटूरला होते. लॉकयर होते इंग्लंडात, आणि त्यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात (प्रकाश फोडल्यावर दिसणाऱ्या रंगपट्ट्यात) हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली ऑक्टोबरात, ग्रहण नसतानाच! विजयदुर्गात ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' त्या मोहिमेशी जोडणं मला जास्त पटतं.

रेषेची गंमत मात्र घरीच कळते. मीठ घातलेली पेज उतू गेली की गॅसची निळी ज्योत क्षणभर भडक पिवळी होते. तो मिठातल्या सोडियमचा रंग, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन रेषांचा. सूर्यावरची नवी रेषा त्यांच्या अगदी शेजारी, ५८७.६ वर. एवढ्याशा फरकावरून 'हे सोडियम नव्हे' म्हणायला केवढी नजर हवी! लॉकयरना पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य मानणं भाग पडलं. कित्येकांना ते पटलं नव्हतं. १८९५ मध्ये ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी युरेनियमच्या खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा पाहिली, तेव्हा वाद मिटला.

तीन वर्षांनी लॉकयर आपल्या किनाऱ्यावर उतरले ते हा शोध पदरी घेऊनच. ओट्यावर उभा राहतो तेव्हा मला हेच आठवतं.