योहान १४:६ : ‘मार्ग’च का, ‘वाट’ का नाही?

(बोलणारे नाशिकमधल्या आपापल्या भागाच्या नावाने.)

नाशिकरोड: सलाम. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १४, वचन ६) येशू म्हणतो: ‘मार्ग, सत्य व जीवन मीच आहे; माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही.’ या वचनात ‘वाट’ हा साधा शब्द का घेतला नसावा? बायबल अभ्यासात काही जण ‘येशू मार्गदर्शक आहे’ असा अर्थ सांगतात. शिवाय पुढच्या ‘माझ्याद्वारे’ऐवजी ‘माझ्यामुळे’ म्हटलं तर काय बिघडतं?

शरणपूर रोड: शेवटचं आधी घेतो, ते सगळ्यात पक्कं आहे. ‘माझ्यामुळे’ नको. मूळ ग्रीकमध्ये ‘दिया’ हे अव्यय षष्ठीबरोबर आलं तर ‘मधून, द्वारे’ आणि द्वितीयेबरोबर आलं तर ‘मुळे’. १४:६ मध्ये ‘दि एमू’ आहे, म्हणजे षष्ठी. ६:५७ मध्ये ‘दि एमे’, द्वितीया; तिथे ‘माझ्यामुळे जगेल’ हेच बरोबर. योहानाने दोन्ही रूपं वापरली आहेत, मग आपणही ती वेगळीच ठेवावीत. ‘मुळे’ म्हटलं की येशू फक्त कारण उरतो. ‘द्वारे’मध्ये त्याच्यातून जावं लागतं. १०:९ मधलं ‘मी दार आहे’ इथे आठवावं. ‘द्वारे’ हा शब्दही ‘द्वार’वरूनच आलेला.

गंगापूर रोड: ‘मार्गदर्शक’बद्दल. येशूचा शिष्य थोमा याने पाचव्या वचनात विचारलं ते साधंच होतं: कुठे जाता ठाऊक नाही, मग मार्ग कसा ठाऊक असणार? मार्गदर्शक हवा असता तर उत्तर ‘मी दाखवतो’ असं आलं असतं. मार्गदर्शक वाट दाखवून बाजूला होऊ शकतो, मार्ग होत नाही. गोंधळ व्हायला मराठीही थोडी कारण आहे. आपण ‘मार्ग काढू’, ‘दुसरा मार्ग नाही’ म्हणतो तेव्हा अर्थ उपाय असतो, आणि ‘भक्तिमार्ग’, ‘ज्ञानमार्ग’ म्हटलं की साधनेची पद्धत. वचनात दोन्ही नाहीत. तिथे एक व्यक्ती आहे.

पंचवटी: ‘वाट’ला माझा विरोध नाही ताई, उलट तो शब्द जिवंत आहे. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते ती पंढरीच्या वाटेनेच. ‘मार्ग’ नाशकात बोलण्यापेक्षा पाटीवर जास्त. शरणपूर रोड, त्र्यंबक रोड, सगळे ‘रोड’च. पण ‘वाट’ क्रियापदाबरोबर अर्थ बदलते: वाट पाहणे, वाट लागणे. ‘मी वाट आहे’ मोठ्याने वाचलं की श्रोता पुढच्या क्रियापदाकडे कान लावतो. गाण्यात चालेल, वाचनात नाही.

नाशिकरोड: आणि ‘पंथ’?

शरणपूर रोड: मुळीच नको. नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ २४:१४ पाहा. प्रेषित पौल म्हणतो, विरोधक ज्याला ‘हाइरेसिस’, म्हणजे पंथ, म्हणतात, तो ‘मार्ग’. तिथे ‘होदोस’च आहे, योहान १४:६ मधला तोच शब्द. पौलाने जो शब्द विरोधकांचा म्हणून सांगितला, तो आपण येशूच्या तोंडी कशाला घालायचा?

गंगापूर रोड: ‘च’ही जपा. ग्रीकमध्ये मार्ग, सत्य, जीवन या तिन्हींआधी स्वतंत्र उपपद (इंग्रजी ‘the’सारखं) आहे. मराठीत उपपद नाही, ते काम ‘च’ करतो, आणि तो ‘मी’लाच लागायला हवा. ‘मी मार्गच आहे’ म्हटलं तर भर मार्गावर जातो: दुसरं काही नाही, मार्गच.

पंचवटी: पाठ म्हणताना आणखी एक चूक नेहमी होते: ‘पित्याकडे कोणी जात नाही’. वचनात ‘येत नाही’ आहे, ग्रीक ‘एर्खेताइ’. १२व्या वचनात ‘मी पित्याकडे जातो’ म्हणताना क्रियापद वेगळं आहे. ‘येत’ म्हटल्याने बोलणारा पित्याच्या बाजूला उभा राहतो, आणि १०व्या वचनात ‘मी पित्यामध्ये व पिता माझ्यामध्ये’ असंच तर म्हटलं आहे.

वाचणाऱ्यांसाठी: ‘आल्यावाचून’ एका दमात म्हणा. मुलं ‘आल्या’ म्हणून थांबतात आणि ‘वाचून’ सुटं पडतं. ऐकणाऱ्याला पुस्तक वाचल्यासारखं वाटतं. ‘माझ्याद्वारे’ही जोडूनच लिहा, शब्दयोगी अव्यय आहे. जुन्या छपाईत सुटं दिसलं तरी.