शब्दचर्चा : ‘औटघटकेची कारकीर्द’

विचारणा : पारशी क्रिकेटपटू डॉ. मेहेल्लाशा पावरी यांच्यावर टिपण लिहितो आहे. १८९५ साली ते मिडलसेक्स या इंग्लंडमधल्या काउंटी संघाकडून एक सामना खेळले, पुन्हा नाही. ‘त्यांची काउंटी कारकीर्द औटघटकेची ठरली’ असं वाक्य केलंय. चालेल?

उत्तर : अर्थ पोचेल, पण कृपा करून असं लिहू नका. औट म्हणजे साडेतीन. पाढ्यांत अडीचकीच्या पुढे औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, घोकून घेत, त्यातलंच हे औट. घटका २४ मिनिटांची, म्हणजे हिशेब ८४ मिनिटांचा. बोलताना मात्र तो हिशेब कुणाच्या मनात नसतो. ‘औटघटकेचं राज्य’ म्हटलं की मिरवायला आला आणि पायउतार झाला, अशी हेटाळणी ऐकू येते. पावरींना ती का चिकटवायची? १८८८ च्या पारशी संघाच्या इंग्लंड दौऱ्यात या वेगवान गोलंदाजाने १७० बळी घेतले होते. १८९० मध्ये व्हर्ननचा इंग्लिश संघ मुंबईत पारशांकडून हरला, त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात ७ बळी पावरींचे. पुढे १९१२ च्या सुमारापर्यंत ते प्रथम श्रेणीचे सामने खेळत होते. थोडक्यात आटोपलं ते मिडलसेक्सचं प्रकरण, खेळ नव्हे.

दुसरं उत्तर : मला तर ‘कारकीर्द’च खटकते. फारसीतून आलेला हा शब्द आपल्याकडे आधी अंमलाचा काळ सांगायचा : थोरल्या माधवरावांची कारकीर्द, अमक्या सुभेदाराची कारकीर्द. खेळाडूंना तो लागू झाला तरी त्यातला ‘काही काळ चाललेलं काम’ हा अर्थ सुटलेला नाही. त्याच १८९५ मध्ये रणजी ससेक्सकडून पहिल्यांदा उतरले, लॉर्ड्‌सवर एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) विरुद्ध नाबाद ७७ आणि १५० धावा काढल्या, आणि नंतर वर्षानुवर्षं ससेक्सचेच राहिले. तिथे ‘काउंटी कारकीर्द’ शोभते. एका सामन्याला नाही.

विचारणा : मग ‘पदार्पण’?

उत्तर : पदार्पण म्हणजे पाऊल ठेवणं, त्यामुळे चूक नाही. पण वाचणारा लगेच ‘पुढे काय?’ म्हणून थांबतो, आणि इथे पुढे काहीच नाही. सरळ लिहा : ‘१८९५ मध्ये पावरी मिडलसेक्सकडून एक सामना खेळले, काउंटीचा तेवढाच एक त्यांच्या वाट्याला आला.’ ‘वाट्याला आला’ मध्ये दोष कुणाकडेच जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ‘एकमेव काउंटी सामना’ही छान, मथळ्यासाठी तर तोच घ्या. फक्त ‘अल्पजीवी’ टाळा. १८६६ चा जन्म, मृत्यू १९४६ साली. घाईत वाचणाऱ्याला माणूसच अकाली गेला असं वाटायचं.